बटन सापडलं पाहिजे: डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्या टेस्टमधले लोकेटर

दर्यापूर-बनोसा, अंजनगाव, मूर्तिजापूर या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास कापसाचा हंगाम उभा राहतो आणि जिनिंगच्या आवारातल्या काट्याच्या खोलीला पुढचे काही महिने उसंत नसते. भरलेली गाडी काट्यावर चढते, ऑपरेटर गाडी नंबर टाकून ‘वजन घ्या’ दाबतो. गाडी खाली होऊन परत येते, रिकाम्या गाडीचं वजन होतं, निव्वळ वजन निघतं, भाव लागतो, कपाती वजा होतात आणि हिशोबपट्टी छापून शेतकऱ्याच्या हातात पडते. या कामाला विंडोजवर बसवलेलं डेस्कटॉप सॉफ्टवेअर सोयीचं पडतं. इंटरनेट गेलं म्हणून काटा थांबवता येत नाही, आणि वजनाचं इंडिकेटर सिरियल केबलने थेट त्याच संगणकाला जोडलेलं असतं.

अशा सॉफ्टवेअरमध्ये ऐन हंगामात काही बदल करायचा झाला तर छातीत धडधड होते. कपातीचा एक रकाना वाढवला आणि निव्वळ रक्कम चुकली, तर रांगेतल्या प्रत्येक पट्टीवर ती चूक छापली जाते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की अशा सॉफ्टवेअरला स्वयंचलित टेस्ट हव्यातच. ऑपरेटर जे करतो तेच प्रोग्रामने करून पाहायचं: रकाने भरायचे, बटनं दाबायची, आलेली रक्कम तपासायची. आपल्या भागातली मुलं शेगाव, बडनेरा, अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडतात, टेस्टिंगच्या नोकऱ्या करतात, पण त्यांचा बहुतेक सराव वेबसाइटवर झालेला असतो. डेस्कटॉप सॉफ्टवेअरसमोर बसलं की पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट नडते. टेस्टला हवं ते बटन सापडत नाही, किंवा आज सापडतं आणि उद्या सापडत नाही. बटन किंवा रकाना शोधायला टेस्टला जो पत्ता द्यायचा, तो म्हणजे लोकेटर. हा लेख तेवढ्याच एका गोष्टीबद्दल आहे.

प्रोग्रामला पडदा कसा दिसतो

आपल्याला पडद्यावर रंग, अक्षरं, चौकटी दिसतात. टेस्टच्या प्रोग्रामला दिसतं ते एक झाड. मुळाशी डेस्कटॉप, त्याखाली चालू असलेल्या खिडक्या, प्रत्येक खिडकीत गट, गटात रकाने, बटनं, तक्ते. विंडोज हे झाड स्वतः पुरवतं. त्याची सुरुवात १९९७ साली विंडोज ९५ साठी आलेल्या ‘ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी’पासून झाली, आणि २००६ साली डॉटनेट फ्रेमवर्क ३.० बरोबर ‘यूआय ऑटोमेशन’ आलं. दोन्ही मुख्यतः बनवली गेली ती स्क्रीन रीडरसारख्या साधनांसाठी, म्हणजे ज्यांना पडदा दिसत नाही त्यांना तो वाचून दाखवता यावा म्हणून. टेस्टिंगवाले त्याच वाटेने आत शिरतात. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

हे झाड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही टेस्ट लिहायला घेऊ नका. विंडोज एसडीकेबरोबर ‘इन्स्पेक्ट’ नावाचं साधन मिळतं, आणि मायक्रोसॉफ्टचंच ‘ॲक्सेसिबिलिटी इनसाइट्स फॉर विंडोज’ फुकट आहे. दोन्हींतलं एक उघडायचं, माउस ‘वजन घ्या’वर न्यायचा आणि शेजारी काय काय लिहून येतं ते वाचायचं. त्यात नाव असतं, कंट्रोलचा प्रकार असतो, क्लासचं नाव असतं, ऑटोमेशन आयडी असतो, पडद्यावरची जागा असते आणि रनटाइम आयडी असतो. यातला रनटाइम आयडी नवख्या माणसाला हमखास फसवतो. तो एकमेव असतो हे खरं, पण सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू केलं की बदलतो. तो टेस्टमध्ये लिहून ठेवण्यात काही अर्थ नाही.

पडद्यावरची जागा, म्हणजे डावीकडून इतके पिक्सेल आणि वरून इतके, हा पत्ता तर त्याहून कच्चा. तुमच्या लॅपटॉपवर स्केलिंग १०० टक्के असतं, काट्याच्या खोलीतल्या संगणकावर कुणीतरी अक्षरं मोठी दिसावीत म्हणून १२५ टक्के केलेलं असतं. तिथे क्लिक भलतीकडेच पडतो. ‘फॉर्मवरचा सातवा टेक्स्टबॉक्स’ हा पत्ताही त्याच जातीचा. मधे एक रकाना वाढला की सातवा आठवा होतो. वावर दाखवताना ‘बाभळीपासून तिसरं’ असं सांगितलं तर बाभूळ तोडली किंवा वाटणी झाली की पत्ता गेला. गट नंबर सांगितला तर तलाठ्याच्या दप्तरात ते वावर सापडतंच. कंट्रोलचा गट नंबर म्हणजे त्याचा ऑटोमेशन आयडी.

हा आयडी कुठून येतो ते प्रत्येक तंत्रात वेगळं आहे, आणि ते माहीत असेल तर निम्मी डोकेदुखी संपते. विनफॉर्म्समध्ये प्रोग्रामरने कंट्रोलला जे नाव दिलेलं असतं तेच आयडी म्हणून बाहेर दिसतं. डब्ल्यूपीएफमध्ये आयडी स्वतंत्र देता येतो. न दिल्यास कंट्रोलचं नाव वापरलं जातं. जुन्या विन३२ सॉफ्टवेअरमध्ये रिसोर्स फाइलमधला आकडा आयडी म्हणून येतो. डेल्फीत बनवलेल्या सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी. तिथे कंट्रोलला वेगळा क्रमांक नसेल तर खिडकीचं हँडलच आयडीच्या जागी बसवलं जातं, आणि हँडल दर वेळी नवं. त्यामुळे इन्स्पेक्टमध्ये आयडी दिसतो, टेस्ट एकदा पासही होते, आणि दुसऱ्या वेळी फेल होते. म्हणून माझा नियम असा: कुठलाही आयडी वापरण्याआधी सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा आणि तो तसाच राहिला का ते पाहा. शक्य असेल तर दुसऱ्या संगणकावरही पाहा.

प्रोग्रामरने आयडी नीट दिले असतील तर काम सोपं. पण बऱ्याचदा फॉर्म डिझायनरने आपणहून ठेवलेलं ‘टेक्स्टबॉक्स१७’, ‘बटन४’ हेच नाव तसंच राहिलेलं असतं. तांत्रिकदृष्ट्या तो आयडी चालतो, पण फॉर्म पुन्हा मांडला की सतरावा रकाना हमालीचा राहील याची खात्री कोण देणार? आयडी कामाच्या नावावरून द्यावा. वऱ्हाडात कापसाचा बाजार नियमाने चालवायची रीत जुनी आहे. कारंजाचा बाजार १८८६ चा, आणि वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा १८९७ चा. भरलेलं वजन, रिकामं वजन, भाव, कपात, निव्वळ रक्कम या गोष्टी कुठल्याही पडद्याच्या मांडणीपेक्षा जास्त टिकणाऱ्या आहेत. ‘भरलेलं-वजन-रकाना’, ‘हमाली-रकाना’, ‘पट्टी-छापा-बटन’ अशा अर्थाचे आयडी रोमन अक्षरांत, एकाच पद्धतीने लिहिलेले असले की पुढची कित्येक वर्षं टेस्टला हात लावावा लागत नाही.

मराठी लेबलांचा प्रश्न

आयडी नसेल तर दुसरा आधार नावाचा. म्हणजे ‘वजन घ्या’ असं लिहिलेलं बटन शोध, असं टेस्टला सांगायचं. इंग्रजी सॉफ्टवेअरमध्ये हे बऱ्यापैकी चालतं. मराठीत मात्र काही खड्डे आहेत, आणि ते कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडायचे नाहीत. म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

फॉर्मवर ‘शेतकऱ्याचे नाव’ असा रकाना आहे. टेस्टमध्येही तुम्ही ‘शेतकऱ्याचे नाव’ असंच टाइप केलं. दोन्ही डोळ्यांना हुबेहूब सारखे. टेस्ट म्हणते, असा रकानाच नाही. कारण ‘ऱ्या’ हा रफार नसलेला, डोळ्याच्या पापणीसारखा ‘र’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत ०९३१ क्रमांकाचा खास ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’. दुसऱ्या तऱ्हेत साधा ०९३० चा ‘र’, हलन्त, त्यापुढे २००डी क्रमांकाचं न दिसणारं जोडचिन्ह, आणि मग ‘य’. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, संगणकाच्या लेखी मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. कुठली तऱ्हा उमटणार हे टाइप करणाऱ्याच्या कीबोर्डवर आणि टंकसाधनावर ठरतं. प्रोग्रामरने एक साधन वापरलं, तुम्ही दुसरं, की झाली गफलत. ‘वऱ्हाड’ शब्दातही हेच, ‘पऱ्हाटी’तही हेच. ‘दर्यापूर’मध्ये मात्र हा त्रास नाही, कारण तिथे साधा रफार आहे.

तसंच ‘ॲ’चं. कपातीच्या रकान्यात ‘ॲडव्हान्स’ हा शब्द हमखास असतो. ०९७२ क्रमांकाचा सुटा ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीपासून लोक ‘अ’ला वर चंद्र देऊन तोच आकार काढत होते आणि अजूनही काढतात. युनिकोडच्या ठरलेल्या नियमांनी मजकूर एकसारखा करून घेतला तरी या दोन रूपांतले फरक मिटत नाहीत; ते नियम ‘र’खालचा नुक्ता जोडून ‘ऱ’ करतात, पण न दिसणाऱ्या जोडचिन्हाला आणि ‘अ’ अधिक चंद्राला हात लावत नाहीत.

उपाय अवघड नाही. तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंचा मजकूर एकाच गाळणीतून काढायचा. आधी युनिकोडचं एनएफसी रूप करून घ्या. मग ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ या त्रयीच्या जागी ‘ऱ, हलन्त’ ठेवा, ‘अ’ अधिक चंद्राच्या जागी ‘ॲ’ ठेवा. उरलेली न दिसणारी जोडचिन्हं काढा, मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा आणि लेबलाच्या शेवटचा विसर्गासारखा दिसणारा कोलन छाटा. दहा-बारा ओळींचं हे फंक्शन एकदा लिहून ठेवलं की सगळ्या मराठी सॉफ्टवेअरच्या टेस्टला कामी येतं. एवढं मात्र पाळा, की हे फक्त तुलनेपुरतं. शेतकऱ्याचं नाव डेटाबेसमध्ये जसं आहे तसंच गेलं पाहिजे, हे तपासणारी टेस्ट असेल तर तिथे गाळणी लावायची नाही.

याहून चांगला मार्ग म्हणजे लेबलाचा मजकूर टेस्टमध्ये हाताने लिहायचाच नाही. सॉफ्टवेअर ज्या रिसोर्स फाइलमधून मराठी शब्द घेतं, त्याच फाइलमधून टेस्टनेही घ्यावेत. उद्या ‘वजन घ्या’चं ‘वजन नोंदवा’ झालं तरी टेस्ट बरोबर बटन शोधते.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अजून एक अडचण भेटते. युनिकोड रुळण्याआधी मराठी लेबलं डीव्हीबी-टीटी सुरेख, श्रीलिपीचे श्री-देव किंवा कृतीदेव अशा फॉन्टांच्या आधारे लिहिली जात. तिथे पडद्यावर ‘हमाली’ दिसते, पण आत साठलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांना देवनागरीचा आकार देतो. इन्स्पेक्टमध्ये अशा बटनाचं नाव अगम्य दिसतं. ते बघून सॉफ्टवेअर बिघडलंय असं समजू नका. शक्य असेल तर लेबलं युनिकोडमध्ये आणून घ्या. नसेल तर नावाचा नाद सोडा आणि आयडी, क्लास, प्रकार यांवर भिस्त ठेवा, कारण तो अगम्य मजकूर टेस्टमध्ये चिकटवला तर सहा महिन्यांनी तो कशाचा आहे हे कुणालाच कळणार नाही.

आकड्यांकडेही लक्ष असू द्या. निव्वळ वजन ‘१२४५’ असं देवनागरीत दाखवायचं की रोमन आकड्यांत, हे कुठे सॉफ्टवेअर ठरवतं, तर कुठे विंडोजची प्रादेशिक सेटिंग. रकमेत लाखाचा स्वल्पविराम असतो. मजकुराशी मजकूर जुळवण्यापेक्षा दोन्हीकडे आकडा काढून मग तुलना करा. पायथॉन देवनागरी अंकांचा आकडा सरळ समजून घेतो. सी-शार्प घेत नाही. तिथे आधी अंक बदलून घ्यावे लागतात.

आणि रकाना भरताना? गाडी नंबरात अमरावतीचं ‘एमएच २७’ रोमनमध्ये टाकायचं आहे, टेस्ट खऱ्या कीबोर्डसारख्या कळा दाबते आहे, आणि त्या वेळी विंडोजवर मराठी इनस्क्रिप्ट चालू आहे. ‘एम’ आणि ‘एच’ची मोठी अक्षरं असलेल्या कळांवर इनस्क्रिप्टमध्ये ‘श’ आणि ‘फ’ बसलेले असतात, त्यामुळे रकान्यात ‘शफ’ उमटतं. रकाना सापडला, पण भरला चुकीचा. कळा दाबण्याऐवजी यूआय ऑटोमेशनच्या ‘व्हॅल्यू’ पॅटर्नने मजकूर थेट ठेवला की ही भानगड राहत नाही. प्रत्येक कळेबरोबर सॉफ्टवेअर काही तपासत असेल तरच कळा दाबा, आणि तेव्हा आधी कीबोर्ड कुठला आहे ते पक्कं करा.

शोध कुठून सुरू करायचा

डेस्कटॉपच्या मुळापासून ‘हमाली नावाचा रकाना शोध’ असं सांगणं ही सवय मोडा. एक तर ते संथ असतं, कारण उघड्या असलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचं झाड धुंडाळलं जातं. दुसरं म्हणजे भलताच रकाना हाती लागू शकतो. काट्याचा फॉर्म आणि हिशोबाचा फॉर्म दोन्ही उघडे असतील तर हमाली दोन्हीकडे असते. आधी आपण चालू केलेल्या प्रोसेसची मुख्य खिडकी पकडा, तिच्यात फॉर्म, फॉर्मात ‘कपाती’चा गट, आणि त्या गटात रकाना. प्रत्येक पायरीवर थोडंच शोधायचं. पण याचा अर्थ मुळापासून पानापर्यंतचा बारा पायऱ्यांचा लांबलचक एक्सपाथ असाही नाही. रेकॉर्डरने बनवलेले तसले पत्ते मधला एक पॅनेल बदलला की मोडतात.

रकान्याच्या नावाबद्दल एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. विनफॉर्म्समध्ये टेक्स्टबॉक्सला स्वतःचं ॲक्सेसिबल नाव दिलं नसेल तर टॅबच्या क्रमात त्याच्या लगेच आधी येणाऱ्या लेबलाचं नाव त्याला चिकटतं. पडद्यावर कोण कुणाशेजारी आहे याला इथे किंमत नाही. आता समजा, हंगामाच्या मधे ‘ओलावा’ नावाचा रकाना घातला, पडद्यावर तो नीट बसवला, पण टॅबक्रम बघितला नाही. रिकाम्या वजनाच्या रकान्याचं नाव झाडात ‘ओलावा’ होऊ शकतं. टेस्ट ओलाव्याचा आकडा वजनात भरते. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसालाही तोच चुकीचा शब्द ऐकू येतो. अशी टेस्ट फेल झाली तर टेस्ट दुरुस्त करून मोकळे होऊ नका, तो सॉफ्टवेअरमधलाच दोष आहे आणि तसाच नोंदवायचा. डब्ल्यूपीएफमध्ये हे आपोआप होत नाही. तिथे लेबल आणि रकाना यांचं नातं प्रोग्रामरने सांगावं लागतं, नाहीतर रकाना निनावी राहतो.

तक्त्यांचं सांगायचं तर, त्यांतल्या ओळी ‘ओळ तिसरी’ म्हणून शोधू नका. विनफॉर्म्सच्या डेटाग्रिडमध्ये चौकटीचं नाव स्तंभाचं शीर्षक आणि ओळीचा क्रमांक मिळून बनतं, तेव्हा मोह होतो. पण तक्ता भावाच्या क्रमाने लावला की तिसरी ओळ दुसऱ्याच गाडीची. आधी गाडी नंबराच्या स्तंभात हवा तो नंबर शोधा, ती ओळ पकडा, मग त्या ओळीतलं निव्वळ वजन वाचा. डब्ल्यूपीएफच्या मोठ्या तक्त्यात जेवढ्या ओळी पडद्यावर आहेत तेवढ्याच झाडात असतात. दोनशेवी गाडी ‘नाही’ असं उत्तर आलं, तर ती खरोखर नसेलच असं नाही, ती अजून तयार झालेली नसेल. तिथे ‘आयटम कंटेनर’ पॅटर्नने शोधा किंवा तक्ता सरकवत जा.

छोट्या चौकटी आणि यादी उघडणारे बॉक्स नेहमी जिथे वाटतात तिथे नसतात. उघडलेली ड्रॉपडाउन यादी किंवा उजव्या क्लिकचा मेनू हा बऱ्याचदा मुख्य खिडकीच्या पोटात नसतो, थेट डेस्कटॉपखाली वेगळी खिडकी म्हणून येतो. ‘पट्टी रद्द करायची का?’ असं विचारणाऱ्या विंडोजच्या मेसेज बॉक्सवर इंग्रजी विंडोजमध्ये एक शब्द असतो, मराठीत दुसरा. तिथे शब्दावर जाऊ नका. ‘होय’चा आयडी ६ आणि ‘नाही’चा ७ हे भाषा बदलली तरी बदलत नाहीत. गंमतीची गोष्ट, एकच ‘ओके’ असलेल्या मेसेज बॉक्समध्ये त्या बटनाचा आयडी १ नसून २ असतो. दोन बटनं असली की ‘ओके’ १ आणि ‘कॅन्सल’ २. हे माहीत नसेल तर माणूस अर्धा दिवस शोधत बसतो.

बटन सापडलं म्हणजे दाबता येईलच असं नाही. काट्यावर गाडी चढते, वजन हलत असतं, स्थिर झाल्यावरच ‘वजन घ्या’ चालू होतं. इथे ‘पाच सेकंद थांब’ असं लिहिण्याची पद्धत सर्रास दिसते आणि मला ती अजिबात पटत नाही. वेगवान संगणकावर पाच सेकंद वाया जातात, संथ संगणकावर पाच पुरत नाहीत. बटन झाडात आलं का, चालू आहे का, हे दर काही मिलिसेकंदांनी विचारत राहा, आणि ठरावीक मर्यादेनंतरच हार माना. गाडी नसताना हे तपासायचं तर ‘कॉम-झिरो-कॉम’सारख्या मोफत साधनाने दोन आभासी सिरियल पोर्ट जोडून घ्या. एका टोकाला सॉफ्टवेअर, दुसऱ्या टोकाला इंडिकेटरसारखे आकडे पाठवणारा तुमचा छोटा प्रोग्राम. वजन हलतं ठेवायचं, मग स्थिर करायचं, आणि बटन नेमकं तेव्हाच चालू होतं का ते बघायचं.

जुनं सॉफ्टवेअर आणि साधनांची निवड

व्हिज्युअल बेसिक ६ ची मायक्रोसॉफ्टची मदत ८ एप्रिल २००८ ला संपली, पण त्यात बनलेली सॉफ्टवेअरं अजून भेटतात. ‘थंडर-आरटी६’ने सुरू होणारं क्लासचं नाव दिसलं की ओळखा. यातल्या लेबलांना स्वतःची खिडकीच नसते, त्यामुळे झाडात त्यांचा पत्ता लागत नाही. फ्लेक्सग्रिडसारखा तक्ता आपल्या चौकटी स्वतः रंगवतो. बाहेरून तो एक अखंड ठोकळा दिसतो. इथे मी कीबोर्डची वाट धरायला सांगतो. अशा सॉफ्टवेअरवर हात बसलेला ऑपरेटर माउसला शिवतही नाही, फंक्शन कळांनी सगळं करतो. त्याच कळा टेस्टने वापराव्यात आणि निकाल पडद्यावरून वाचण्याऐवजी छापलेल्या पट्टीच्या फाइलमधून किंवा डेटाबेसमधून तपासावा. चित्र जुळवून बटन शोधणारी साधनं आहेत, सिकुलीएक्स त्यांतलं एक. पण देवनागरी अक्षरं संगणकागणिक थोडी वेगळी उमटतात, म्हणून तो मार्ग दुसरं काहीच उरलं नसेल तेव्हाचा.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पायथॉन येत असेल तर पायविनऑटो, सी-शार्प येत असेल तर फ्लॉ-यूआय घ्यावं. दोन्ही फुकट. मायक्रोसॉफ्टच्या विनॲपड्रायव्हरची २०२० पासून नवी स्थिर आवृत्ती आलेली नाही, त्यामुळे नवं काम त्यावर उभं करू नये असं माझं मत. पायविनऑटोत दोन गोष्टी सांभाळा. काही न सांगता ते जुन्या ‘विन३२’ पद्धतीने चालतं, डब्ल्यूपीएफसाठी ‘यूआयए’ असं सांगावं लागतं. आणि त्याच्या सोप्या लिखाणात जवळचं वाटणारं नाव आपोआप जुळवलं जातं. ‘हमाली’ सापडली नाही तर ‘हमाली एकूण’ जुळेल, आणि तुम्हाला कळणारही नाही. आयडी किंवा पूर्ण नाव देऊनच शोधा.

सगळे लोकेटर एकाच ठिकाणी ठेवा. काट्याच्या फॉर्मचे एका फाइलमध्ये, हिशोबपट्टीचे दुसऱ्या. शंभर टेस्टमध्ये हमालीचा आयडी शंभरदा लिहिला आणि तो बदलला, तर कुणीतरी चार जागी बदलायचं विसरतो.

टेस्टरने कितीही कसब दाखवलं तरी यातलं निम्मं काम प्रोग्रामरच्या हाती आहे, आणि ते त्याच्याकडून मागून घ्यायला संकोच करू नका. फॉर्म बनवतानाच प्रत्येक रकान्याला कामाचा आयडी आणि नीट मराठी ॲक्सेसिबल नाव द्यायला फार तर दोन मिनिटं जातात. प्रोग्रामर कुरकुरला तर त्याला एनव्हीडीए लावून फॉर्म ऐकवा. हा मोफत स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ साली सुरू केला, पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले, दोघेही अंध. डोळे मिटून टॅब दाबत जा. ‘एडिट, एडिट, बटन’ एवढंच ऐकू आलं तर दृष्टी नसलेला कारकून त्या सॉफ्टवेअरवर बसूच शकत नाही. ‘भरलेलं वजन’, ‘रिकामं वजन’, ‘हमाली’ असं ऐकू आलं की त्याचंही काम होतं आणि तुमच्या टेस्टचंही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर निदान सरकारी आणि सहकारी कामाची सॉफ्टवेअरं बनवणाऱ्यांनी तरी हे मनावर घ्यायला हवं.

टेस्ट पुण्या-मुंबईच्या किंवा ऑफिसच्या दूरच्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपने चालवत असाल तर खिडकी बारीक करून चहाला जाऊ नका. कनेक्शन तुटलं किंवा पडदा लॉक झाला की माउस आणि कळांचे प्रयोग थांबतात, आणि लोकेटर बरोबर असूनही सगळ्या टेस्ट लाल होतात. ‘इन्व्होक’ आणि ‘व्हॅल्यू’ पॅटर्नने चालणाऱ्या टेस्ट अशा वेळी बऱ्याच तग धरतात. रात्रीच्या फेरीसाठी उघडं, लॉग-इन केलेलं सत्र असलेला एक संगणक वेगळा ठेवा.

आणि नवा लोकेटर पक्का म्हणण्याआधी तो चार प्रकारे चालवून पाहा: सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडल्यावर, १३६६ बाय ७६८ च्या छोट्या पडद्यावर, १२५ टक्के स्केलिंगवर, आणि कीबोर्ड मराठी ठेवून. चारही वेळा ‘वजन घ्या’ सापडलं, तर ती टेस्ट हंगामात लावायला हरकत नाही.